याडीच्या कानातलं गाणं

माझ्या आईला कमी ऐकू येतं, ही गोष्ट तिच्याशिवाय साऱ्या तांड्याला ठाऊक होती. तिचं म्हणणं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. कोंबडाही तोंडातल्या तोंडात आरवतो का, असं मी एकदा विचारलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी एसटीत कंडक्टर आहे. मोठ्यानं बोलायची मला सवयच, त्यामुळे आमचं दोघींचं बरं निभायचं. पण यंदा दिवाळीच्या आधी तिचा डावा कान पारच गेला. यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी उजवा तपासला आणि मला बाजूला घेतलं. हाही फार दिवस साथ देणार नाही, म्हणाले. मला वाटलं, आईला काही कळलं नाही. पण ती डॉक्टरांच्या तोंडाकडेच बघत होती.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती मध्येच थांबली.

“रामीचा आवाज एकडाव ऐकाचा होता,” ती म्हणाली.

मी पर्समध्ये रिक्षासाठी सुटे शोधत होते, ते तसेच राहिले. हे नाव आमच्या घरात कितीतरी वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

आम्ही बंजारा. घरी गोरबोली बोलतो आणि आईला याडी म्हणतो. इथं तिचं बोलणं मी वऱ्हाडीत सांगते आहे, म्हणजे तुम्हाला कळेल. मुळात ते याहून तिखट असतं, एवढं ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्याकडे जुन्या बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की लगेच बोलत नाहीत. आधी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि रडतात. नुसतं रडणं नव्हे. त्याला चाल असते, शब्द असतात. कोण गेलं, कोण जन्मलं, कुणाच्या लेकीला सासरी त्रास आहे, कुणाची म्हैस आटली, सगळं त्या सुरात सांगून होतं. एक सांगते, दुसरी उत्तर देते. मग दोघी डोळे पुसतात आणि एक दुसरीला विचारते, चहा पिशील का. बाहेरच्या माणसाला वाटतं, घरात कुणीतरी मेलं. लग्नात नवरीही असंच रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. मला यातलं काही येत नाही. माझ्या लग्नात मी दोन हुंदके दिले आणि काजळ पसरेल म्हणून थांबले. याडी अजून ते ऐकवते.

ढावलो गाणाऱ्या बाया पूर्वी प्रत्येक तांड्यात होत्या, पण रामीबाईसारखी नाही. तिचा आवाज गोड नाही, हे आधीच सांगते. फाटका आहे. ओल्या लाकडाच्या धुरासारखा सरळ डोळ्यात जातो. ती आणि याडी एकाच तांड्यात वाढल्या. याडीला घाटंजीकडे दिली, रामीबाईला बाभुळगावकडे. पण कुठल्याही तांड्यात नवरीला ढावलो शिकवायचा असला की बोलावणं दोघींना जायचं. रामीबाई सांगायची, याडी उत्तर द्यायची. लहानपणी मी याडीच्या मांडीवर झोपून ते ऐकलं आहे. ऐकलं म्हणजे काय, त्यावर झोपले आहे.

मग माझा बा गेला. फुलचंद त्याचं नाव. तो गेला तेव्हा रामीबाई नवऱ्याबरोबर ऊस तोडायला सांगलीकडे गेलेली होती. निरोप पोचला होता. तांड्यातांड्यातून बाया आल्या, याडीच्या गळ्यात पडून रडल्या. याडी प्रत्येकीला उत्तर देत होती आणि तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती. रामीबाई आली नाही. तेराव्यालाही आली नाही. आली ती हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. ती येते आहे असं कळताच याडीनं दाराला कुलूप घातलं आणि यवतमाळला माझ्याकडे येऊन बसली. रामीबाई दुपारभर आमच्या ओट्यावर बसून होती म्हणे. आमच्यात बंद दारासमोर रडत नाहीत, रडायला समोर माणूस लागतं. शेजारच्या सुखीबाईनं दिलेलं पाणी पिऊन ती परत गेली. त्यानंतर ना ही गेली, ना ती आली. माझ्या बाचं एक रडणं तेवढं राहून गेलं.

म्हणून दवाखान्याच्या पायरीवर तिच्या तोंडून ते नाव ऐकलं, तर मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, उद्याच जाऊ बाभुळगावला, गाडी आपलीच आहे.

“मी नाई जात,” याडी म्हणाली. “गेली तं मले तिच्या गळ्यात पडा लागीन. मी कायले पडू? चूक तिची हाय.”

“मग ऐकशील कशी?”

“दुरून ऐकीन. तिनं मले पाह्यलं नाई पायजे.”

डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीची ही लेक. पण तो कान किती दिवसांचा सोबती, हे मला माहीत होतं, आणि आता तिलाही. मी वाद घातला नाही.

योग असा की वामनराव माझ्याच गाडीचे प्रवासी. वामनराव पांढरीपांडे, कचेरीतून निवृत्त झालेले, यवतमाळात एक लहानसं संगीत मंडळ चालवतात. माझी फेरी यवतमाळ-बाभुळगाव-धामणगाव. गेल्या वर्षभरात ते कितीदा तरी बाभुळगावला उतरले, आणि दर वेळी पुढच्या सीटवर बसून मला सांगत, की नोकरीत असताना एका तांड्यातल्या लग्नात त्यांनी एक बाई ऐकली होती, तेव्हापासून तो आवाज डोक्यातून जात नाही, आणि ती बाई आता मंडळात गायला हो म्हणत नाही. त्या बाईला मी ओळखते, हे मी त्यांना सांगितलं नाही. कंडक्टरनं सगळ्यांचं ऐकून घ्यावं, आपलं सांगत बसू नये, असं माझं मत आहे. दिवाळीनंतर एक दिवस ते गाडीत चढले तेच हसत. बाई हो म्हणाली होती. तिची एकच अट होती, रडायला एक गळा पाहिजे. ती सोय केली आहे, म्हणाले, आणि त्यांनी यवतमाळात रविवारी होणाऱ्या कार्यक्रमाचं पत्रक माझ्या हातात दिलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही निघालो. रामीबाईनं ओळखू नये म्हणून याडी माझी साधी गुलाबी साडी नेसली होती आणि तिनं पदर नाकापर्यंत ओढला होता. वेष चांगला होता, पण माणूस लपण्यातलं नव्हतं. याडी तांड्यातली सगळ्यांत उंच बाई. एसटीत तिचं डोकं वरच्या दांड्याला लागतं. त्यात कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. तिनं कानाचं यंत्रही घेतलं होतं. शिबिरात मिळालेलं ते यंत्र एरवी डबीत असतं, कारण कानात घातलं की ते कुई करतं, आणि याडी म्हणते, कुत्र्याचं पिल्लू कानात घेऊन मी काय करू.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. वकील, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, त्यांच्या बायका, ओळखीपाळखीचे नमस्कार चालले होते. आम्ही शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलो. याडीनं खांब निवडला, बघून घेतला आणि मगच बसली.

वामनराव माइकवर आले. त्यांना बोलायला आवडतं. ते म्हणाले, तुम्ही आज जे ऐकणार आहात त्यात बाई रडतील, तेव्हा कुणी घाबरून जाऊ नका, ते खरं रडणं नव्हे, ती कला आहे. त्यांचा पुतण्या साकेत पुण्यात गिटार वाजवतो, त्यानं रामीबाईंचं रेकॉर्डिंग ऐकून सांगितलं, की अमेरिकेतले काळे लोक कापसाच्या शेतांतून जे ब्लूज गात आले, त्याची ही बहीणच आहे.

“काय म्हनून राह्यला तो?” याडीनं विचारलं.

तिच्याशी कुजबुजता येत नाही. मी शक्य तितक्या हळू, म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल इतपत आवाजात, उजव्या कानाशी सांगितलं, की अमेरिकेतही कापूस वेचणारे लोक असंच रडत गायचे.

“तिकडंबी रडतात काय?”

“रडतात.”

“मंग बरं हाय,” ती म्हणाली आणि तिचं समाधान झालं. ‘खरं रडणं नव्हे’ हे मी तिला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर कार्यक्रम तिथंच संपला असता.

मग रामीबाईला दोघांनी धरून आणलं. मी तिला इतक्या वर्षांनी बघत होते. घागऱ्यासारखा फेटिया, चोळीसारखी काचळी, आरशांची ओढणी, सगळा जुना साज अंगावर होता, आणि आत बाई एवढीशी उरली होती. गुडघे संपले होते. तिला खुर्चीत बसवायला वेळ लागला. याडी खांबाआडून मान काढून बघत होती. तिनं माझं मनगट धरलं होतं.

“म्हातारी झाली,” ती म्हणाली. हे तिनं हळू म्हटलं असं तिला वाटलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं.

रामीबाईनं गायला सुरुवात केली. पहिला ढावलो नवरीचा, माहेरच्या उंबऱ्याशी बोलणारा. आवाज तसाच होता. वयानं त्यातला जो थोडा गुळगुळीतपणा होता तोही काढून घेतला होता, आणि धूर तेवढा राहिला होता. मी सरळ सांगते, मला रडू आलं, आणि मी गाण्यावर सहसा रडत नाही. याडीकडे बघितलं, तर ती कान पुढे करून, भुवया आवळून बसली होती.

“सुरू झालं काय?” तिनं विचारलं.

तेव्हा मला कळलं. मोठमोठे भोंगे लावले होते, हॉल घुमत होता, पण तिच्यापर्यंत नुसती घरघर पोचत होती. शब्द नाही, चाल नाही. तिनं घाईघाईनं डबीतून यंत्र काढून कानात घातलं. ते कुई करून ओरडलं. अख्खा हॉल मागे वळला. याडीनं ते काढलं, डबीत कोंबलं आणि त्याला अशी शिवी दिली, की ती मी इथं लिहीत नाही.

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांच्या आडोशानं याडी उठली आणि खांब सोडून दोन रांगा पुढे जाऊन बसली. मी मागोमाग. दुसरं गाणं सुरू झालं. तिनं मान वाकडी केली, उजवा कान पुढे केला, तळहात कानामागे धरला. नाही. पुन्हा टाळ्या, पुन्हा दोन रांगा पुढे. लोक पाय आवरून जागा देत होते आणि माझ्याकडे रागानं बघत होते. मीही रागानंच बघितलं. उभ्यानं प्रवास करणाऱ्याला जागा देताना लोक असंच तोंड करतात, मला त्याची सवय आहे. तिला पदराचं भान राहिलं नव्हतं, तो कधीच खांद्यावर आला होता. ज्या बाईनं आपल्याला बघू नये म्हणून ही खांब शोधत होती, तिच्याच दिशेनं ती रांगेरांगेनं सरकत होती, आणि शेवटी आम्ही पहिल्या रांगेत, भोंग्याच्या अगदी समोर पोचलो.

“आता?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. “नुसता जीव हादरून राह्यला,” ती म्हणाली. मग तिनं हात मांडीवर ठेवले आणि नुसती रामीबाईच्या तोंडाकडे बघत बसली. ओठांवरून ती ओळखत होती, कुठला ढावलो चालला आहे. जिथं उत्तर यायचं तिथं तिचे ओठ हलत होते. माझ्या आईचं इतकं वाईट मला बा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा तिच्याजवळ निदान राग होता.

वामनरावांनी गळ्याची सोय केली होती ती म्हणजे त्यांची नात समीक्षा. कॉलेजात शिकणारी, नऊवारी नेसवलेली, गोड पोरगी. आता रामीबाई भेटीचं रडणं गाणार होती, एकीनं सांगायचं आणि दुसरीनं उत्तर द्यायचं ते. समीक्षा खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली. रामीबाईनं तिच्या गळ्यात हात घातले आणि सुरू केलं. पोरगी श्वास रोखून बसली होती, खांदे ताठ, डोळे आजोबांकडे. रामीबाईनं एक ओळ म्हटली, थांबली. दुसरी म्हटली, थांबली. मग तिनं हात काढून घेतले आणि पोरीच्या गालावरून बोटं फिरवली.

“पोरगी लई चांगली हाय,” ती माइकमध्ये म्हणाली, “पन उत्तर देत नाई.”

लोक हसले. समीक्षाही लाजून हसली. वामनरावांनी पुढे होऊन विचारलं, थकलात का, थोडं थांबायचं का. रामीबाईनं मान हलवली. ती हॉलकडे बघत होती, पण उजेड डोळ्यांवर असल्यामुळे तिला कुणी दिसत नसावं.

“उत्तर देनारी एक होती,” ती म्हणाली. “आता नाई.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. याडीनं मला कोपरानं ढोसलं. काय म्हणाली, काय म्हणाली? मला क्षणभर वाटलं, सांगू नये. मग वाटलं, ही बाई एक वाक्य ऐकायला एवढ्या रांगा ओलांडून आली आहे. मी तिच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि सांगितलं: उत्तर देणारी एक होती म्हणते, आता नाही.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही.

“मेली काय मी?” याडी म्हणाली.

माइकशिवाय ते शेवटच्या खांबापर्यंत गेलं. वामनराव दचकले. आणि रामीबाईनं डोळ्यांवर हात धरून उजेड अडवला आणि खाली बघितलं. तिला आधी गोंदण दिसलं की उंची, मला माहीत नाही. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तिनं उठायचा प्रयत्न केला, अर्धवट उठली आणि गुडघ्यांनी तिला परत खाली बसवली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसली. मग तिनं नुसते दोन्ही हात पुढे केले.

मी याडीकडे बघत होते. ती ताठ बसली होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं, कारण तेच वर्षानुवर्षं चाललं होतं. चूक तिची, तिनं यायचं. पण ती बिचारी येणार कशी? एकीचे गुडघे गेलेले, दुसरीचे कान, आणि मध्ये स्टेजच्या चार लाकडी पायऱ्या. मी तिला हात लावला नाही. असल्या थांब्यावर माणसानं आपणच उतरायचं असतं.

याडी उठली. माझी गुलाबी साडी तिला घोट्याच्या वरच राहत होती. ती पायऱ्या चढली, समीक्षा पटकन बाजूला झाली. रामीबाईच्या डाव्या हाताला ती उभी राहिली असती तर सरळ गळ्यात पडता आलं असतं, जागा तिकडेच होती. पण याडी खुर्चीला वळसा घालून गेली, माइकची तार ओलांडली, पलीकडच्या बाजूला खाली बसली, आणि तिनं मान अशी वळवून रामीबाईच्या खांद्यावर ठेवली, की उजवा कान बरोबर तिच्या तोंडाशी आला. तिनं आपला चांगला कान तिला दिला. हे त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं, आणि मला वाटतं, रामीबाईलाही कळलं. कारण तिनं त्या कानावरचे पांढरे केस आधी बोटांनी मागे सारले.

मग तिनं सुरू केलं.

आम्हाला काही ऐकू आलं नाही. म्हणजे तो धूर येत होता, मधूनमधून एक ऊंऽ ऐकू येत होता, पण शब्द सगळे याडीच्या कानात जात होते. माइक त्या दोघींपासून हातभर लांब होता. साउंडवाला लगबगीनं पुढे झाला, माइक त्यांच्या तोंडांमध्ये धरायला. वामनरावांनी त्याचा दंड धरला.

“राहू द्या,” ते म्हणाले. वर्षभर माझ्या गाडीनं जाऊन येऊन ज्या आवाजासाठी त्यांनी हा सगळा घाट घातला होता, तो आवाज त्यांच्यापासून चार पावलांवर लागला होता, आणि त्यांनी स्वतः जाऊन माइक बंद केला.

मागून कुणीतरी उठून म्हणालं, अहो, काही ऐकू येत नाही. मी वळले आणि म्हटलं, “खाली बसा.” गाडीत म्हणते त्या आवाजात म्हटलं. ते बसले.

रामीबाई थांबली. उत्तराची जागा आली. एवढ्या वर्षांची सवय तुटलेली, आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू न येणारी बाई कुठला सूर लावणार, असं मला वाटलं. याडीनं उत्तर दिलं. सूर चुकला, हे मलाही कळलं. तो आधी वर गेला, मग खाली आला, मग रामीबाईनं तिच्या पाठीवर हातानं थोपटलं आणि तो जागेवर बसला. लहानपणी मांडीवर डोकं ठेवल्यावर तो मला असाच ऐकू यायचा. एक सांगत होती, दुसरी उत्तर देत होती, आणि दोघी हलकेच झुलत होत्या. माझ्या बाचं नाव मला एकदा ऐकू आलं. मी तोंडावर पदर धरला. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनाही रडू येत होतं, आणि त्यांना तर कशाचं ते माहीतही नव्हतं.

किती वेळ गेला, मी बघितलं नाही. शेवटी दोघी थांबल्या. एकमेकींच्या पदरानं डोळे पुसले, नाकं शिंकरली. रामीबाई याडीच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं ओरडली, “चाय पेशीन काय?”

हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं. लोकांना कळेना, टाळ्या वाजवाव्यात की नाही. वामनराव चष्मा पुसत होते. ते म्हणाले, मी मघाशी चुकीचं सांगितलं, ते खरंच रडणं होतं. मग त्यांनी समीक्षाला चहा आणायला पाठवलं, आणि माझ्या आईनं यवतमाळच्या स्टेजवर, एवढ्या सगळ्या मोठ्या लोकांसमोर, बशीतून फुर्र करून चहा प्यायला.

याडीला तांड्यावर पोचवायला मी बरोबर निघाले, घाटंजीच्या गाडीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. ड्यूटीवरचा कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं बसवून दिलं. गाडी शहराबाहेर पडली तरी याडी खिडकीबाहेरच बघत होती. डबी मांडीवर होती. मला राहवेना. मी तिच्या कानाला लागून विचारलं, रामीबाई तेव्हा का आली नाही?

ती बोलायला लागली, पण इतकी हळू, की इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर कळेना. आयुष्यभर मी तिच्या कानाशी ओरडत आले. आता मला माझा कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

“मुकादमानं सोडली नाई तिले,” ती म्हणाली. “निरोप आला तवा ती फडात होती. तिकडं आपल्यातली एकबी बाई नाई. कोनाच्या गळ्यात पडन? मंग ती बैलाच्या गळ्यात पडून रडली. आखी रात रडली म्हने.”

मी कान तसाच तिच्या तोंडाशी धरला.

“तुह्या बानंच पारखून घेऊन देल्ला होता तिले तो बैल,” याडी म्हणाली. “घाटंजीच्या बाजारातून.”

बाहेर अंधारात कापसाची रानं मागे जात होती. बा बैलाच्या दातांत बोटं घालून बघायचा आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, ते मला आठवलं. म्हणजे त्याचं ते रडणं राहिलं नव्हतं. ते झालं होतं, वेळेवर झालं होतं. फक्त आमच्यापर्यंत यायला त्याला इतकी वर्षं लागली.

“सगळं ऐकू आलं तुला?” मी विचारलं.

“समदं आलं,” ती म्हणाली. तिनं कानाची डबी माझ्या पर्समध्ये टाकली, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या खांद्यावर मान टेकली. “आता गेला तं जाऊ दे कान.”